दार कोणासाठी उघडावे?

पांढुर्णा आणि सौंसर हा सरहद्दीचा मुलूख. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली; नागपूर-अमरावतीकडील सोयरे निराळ्या राज्यात गेले व हा भाग मध्य प्रदेशात राहिला. तरी लेकीसुनांची ये-जा काही थांबली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत, सरहद्दीवरील नात्यांची कसोटी पाहणारा एक चित्रपट निघाला. जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेला ‘द सर्चर्स’, म्हणजे ‘शोध घेणारे’. त्याचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहो.

कथा १८६८ सालच्या टेक्सासमध्ये सुरू होते. कोमांची टोळी एका गोऱ्या कुटुंबावर धाड घालते व दोन्ही मुलींना पळवून नेते. थोरली मारली जाते. धाकटी डेबी टोळीतच वाढते. तिचा चुलता इथन आणि त्याच घरी वाढलेला मार्टिन हे वर्षानुवर्षे तिचा शोध घेतात. मार्टिनच्या अंगी थोडे चेरोकी रक्त असल्यामुळे इथन त्याला आपला मानीत नाही. इकडे टोळीच्या सरदाराचेही दोन पुत्र गोऱ्यांनी मारलेले असतात. सूड असा दोन्ही अंगांनी वाढत जातो.

अखेर डेबी सापडते. परंतु ती आता टोळीचीच झालेली असते. तेव्हा इथनचा हेतू पालटतो. तिला घरी आणण्याऐवजी तो तिच्यावर पिस्तूल रोखतो! आणि रक्ताचे नाते नसलेला मार्टिन तिच्यापुढे आडवा उभा राहतो. पुढे इथन तिला पुन्हा गाठतो, पण या वेळी तिला उचलून कवेत घेतो व घरी आणतो. दार तिच्यासाठी उघडते; तो स्वतः मात्र बाहेरच राहतो.

विद्यार्थिमित्रहो, आता आपल्या जाम नदीची दंतकथा आठवा. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची कन्या नदी ओलांडू लागली, तोच दोन्ही काठांवरून दगड आले व दोघे पात्रातच गतप्राण झाली, असे सांगतात. त्या स्मरणार्थ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, आणि तीत आजवर अनेकांचे प्राण खरोखरच गेले आहेत. हातातला दगड खाली टाकील असा एकही चुलता त्या काठांवर नसावा काय?

आमची घरची बोली कोकणी. तरी या मुलखाने आम्हांस परके मानले नाही. नाते रक्ताने जुळते हे खरे. पण ते टिकते, कोणीतरी दार उघडतो म्हणून.