डोके सगळ्यांचेच दुखत असेल तर फर्नेस बंद करा

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेल्या आजी-आजोबांच्या फोटोंत हल्ली हॉटेलऐवजी एक लांबट पांढरी गाडी दिसते. तिला स्वतःचे इंजिन नसते, पिकअपच्या मागे जोडून ती ओढत न्यायची. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळी सोय. हाच ट्रॅव्हल ट्रेलर. ऑक्टोबरात रॉकी पर्वतराजीत रात्रीचे तापमान शून्याखाली जाते, तेव्हा ओट्याखालच्या कोनाड्यात बसवलेली छोटी फर्नेस हे घर उबदार ठेवते. ती बंद पडली की थंडी वाजते, हे कुणीही सांगेल. डॉक्टरांना भीती वाटते ती फर्नेस चालू असताना होणाऱ्या बिघाडाची. ऊब येत राहते आणि तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो.

या फर्नेसमध्ये प्रोपेन वायू एका बंद धातूच्या कप्प्यात जळतो. ज्वलनासाठी लागणारी हवा ट्रेलरच्या भिंतीतल्या झरोक्यातून बाहेरूनच घेतली जाते आणि धूरही तिथूनच बाहेर पडतो. आतली हवा त्या कप्प्याच्या तापलेल्या पत्र्याला बाहेरून स्पर्श करून गरम होते आणि नळ्यांमधून खोलीत येते. म्हणजे आगीची हवा आणि आपण श्वासात घेतो ती हवा यांच्यामध्ये पातळ पत्रा असतो, एवढेच. फर्नेसची सगळी निगा या पत्र्यासाठी आणि धुराच्या वाटेसाठी असते.

पत्र्याला तडा जाण्याचे कारण बहुधा अतिउष्णता. परत येणाऱ्या हवेच्या जाळीसमोर बॅगा रचल्या, पायाला गरम लागते म्हणून दोन-तीन झडपा बंद केल्या, की कप्प्याची उष्णता निघून जायला जागा राहत नाही. तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की एक स्विच गॅस बंद करतो, थंड झाल्यावर पुन्हा चालू करतो. हे रात्रभर, अनेक हिवाळे चालले तर धातू थकतो. तडा गेलेला कप्पा बदलायचाच असतो. वेल्डिंग करून किंवा काही लिंपून वापरणे हा जिवाशी खेळ आहे.

धुराच्या वाटेचे शत्रू वेगळे. उन्हाळाभर ट्रेलर उभा राहिला की मातीची घरटी करणाऱ्या माश्या (आपल्याकडची कुंभारीण त्यांच्याच जातकुळीतली) झरोक्याच्या नळीत घर करतात. कोळ्यांची जाळी बर्नरपाशी सापडतात. हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि पूर्ण न जळालेल्या प्रोपेनपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. बाहेरच्या झरोक्याभोवती काळा डाग दिसला तर फर्नेस लावायची नाही, जाणकाराला बोलवायचे. हिमवृष्टी झाली की सकाळी आधी हा झरोका मोकळा करायचा. कीटकांसाठी बाजारात जाळ्या मिळतात, पण त्यांनी हवा अडू शकते. त्यामुळे उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच त्या बसवाव्यात.

आणखी एक चूक हुशार माणसेच करतात. फर्नेसमध्ये एकाच मोटरवर दोन पंखे असतात, एक खोलीच्या हवेसाठी आणि दुसरा ज्वलनाच्या हवेसाठी. पंख्याचा वारा पुरेसा असेल तरच वाऱ्याने ढकलला जाणारा छोटा सेल स्विच जुळतो आणि मग गॅस सुटतो. बॅटरी उतरली, किंवा कुत्र्याचे केस आणि धूळ अडकली, की स्विच जुळत नाही. पंखा नुसताच फिरतो, ज्योत पेटत नाही. अशा वेळी तारेचा तुकडा लावून स्विचला बगल देण्याचा सल्ला कुणीतरी देतोच. तो ऐकू नये. फर्नेस पेटायला नकार देते तेव्हा ती आपले काम नीट करत असते. बॅटरी भरावी, स्विच साफ करावा.

फर्नेस बंद पडली म्हणून शेगडी पेटवून झोपणे किंवा धुराची वाट नसलेला हीटर आत आणणे त्याहून वाईट. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यात चार मुले होती.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गळून जायला होते. यलोस्टोनचा बराच भाग २,००० मीटरहून उंच आहे, त्यामुळे दोष उंचीला दिला जातो. नाहीतर फ्लू म्हणून गोळी घेतली जाते. ताप नसताना घरातल्या सगळ्यांचे एकदम डोके दुखणे, बाहेर फिरताना बरे वाटणे आणि रात्री आत आल्यावर पुन्हा तोच त्रास होणे, ही खूण मात्र ओळखण्यासारखी आहे. हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू लागते. गर्भवतीला फारसे काही जाणवले नाही तरी पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते.

कोविडकाळापासून आजोबांच्या बॅगेत पल्स ऑक्सिमीटर असतो. या विषबाधेत तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दिसतो. खरे चित्र रक्ततपासणीतूनच कळते. रुग्ण लालबुंद दिसतो हे पुस्तकातले वर्णन जिवंत माणसात क्वचितच आढळते, त्याची वाट पाहू नये.

संशय आला की सर्वांना बाहेर काढायचे आणि ९११ ला फोन करायचा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून बरे वाटले तरी रुग्णालय टाळू नये. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यातला बिघाड असे त्रास सुरू होतात.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, अशा गाड्या आता इथेही भाड्याने मिळतात. आपल्याकडे फर्नेसची गरज क्वचितच, पण एसीसाठी जनरेटर लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन पुरुष मृत सापडले. जनरेटरचा धूर आत शिरून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली होती. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर हाच वायू देतो.

ट्रेलरमध्ये झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. प्रोपेन गळती दाखवणारे यंत्र वेगळे. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून ते जमिनीलगत बसवलेले असते. अमेरिकी मानकाप्रमाणे हा अलार्म दशलक्षात ४०० भाग एवढ्या वायूला ४ ते १५ मिनिटांत वाजतो, पण ७० भाग असतील तर १ ते ४ तास लागू शकतात. त्यामुळे अलार्म वाजला नाही तरी डोकेदुखीकडे दुर्लक्ष नको. आतला संवेदकही काही वर्षांत निकामी होतो. बटण दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरून बॅटरी आणि भोंगा ठीक आहे एवढेच कळते. भाड्याचा किंवा जुना ट्रेलर ताब्यात घेताना अलार्म काढून मागे छापलेली मुदत वाचावी. ती उलटलेली असेल तर पहिल्या रात्रीआधी नवा अलार्म बसवून घ्यावा.