महासंगणकाचा वेळ कसा मिळतो?

आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या अवाढव्य तबकड्या आहेत, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण केले. त्यांतील एक या जीएमआरटीच्या संशोधनासाठी आहे. त्याच दिवशी हवामानाच्या कामासाठी ‘अर्का’ नावाचा महासंगणकही सुरू झाला. तो पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये आहे. अशा यंत्रावर काम करायला नेमके कोणाला मिळते, आणि खेड्यातून शिकलेल्या मुलाला तेथवर पोचता येते काय, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाचा आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत. परंतु अर्ज, मंजुरी आणि खाते यांच्याशी आमचा रोजचा संबंध, आणि महासंगणकाचा कारभार पुष्कळसा तसाच चालतो.

आधी या वेळेला एवढी किंमत का, ते पाहू. हवामानाचे गणित करताना पृथ्वीचे लहान लहान चौकटींत तुकडे पाडतात व प्रत्येक चौकटीसाठी वारा, तापमान, बाष्प यांची समीकरणे पुन्हा पुन्हा सोडवतात. आपल्याकडील जागतिक अंदाजाची चौकट पूर्वी १२ किलोमीटरची होती. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला पावसाचा एकच आकडा! भीमाशंकरकडे झड लागलेली असते तेव्हा मंचरला लोक छत्री मिटून फिरतात. नाणेघाट भिजून चिंब होतो आणि आणे पठार आभाळाकडे बघत बसते. इतक्या थोड्या अंतरात पाऊस एवढा बदलतो, तिथे मोठ्या चौकटीचा उपयोग तो किती? २६ मे २०२५ रोजी ६ किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय गणिताची पावलेही निम्म्या वेळाची टाकावी लागतात, म्हणून काम सुमारे आठपट वाढते.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले आणि १५१ माणसे दगावली. दरडीला उतार, माती अशी अन्य कारणेही असतात. संगणक असता तर गाव वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. पण कोणत्या खोऱ्यात किती पाऊस कोसळेल हे आधी सांगायचे, तर चौकट बारीकच हवी, आणि बारीक चौकट म्हणजे यंत्राचा जादा वेळ.

आयआयटीएमचा आधीचा ‘प्रत्युष’ २०१८ साली सुरू झाला. त्याची ताकद ४ पेटाफ्लॉप होती, ‘अर्का’ची ११.७७ आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी आकडेमोड. तरीही यंत्र अपुरेच पडते, कारण हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्याला एका दिवसाचा अंदाज नको असतो. त्याला शंभर-शंभर वर्षे चालवून पाहायची असतात, तीही किंचित वेगळ्या सुरुवातीने अनेकदा.

म्हणून वेळ मोजून दिला जातो. यंत्रात हजारो कोअर असतात. एक कोअर एक तास वापरला की एक कोअर-तास खर्ची पडतो. ४८० कोअर १० तास चालवले तर ४,८०० कोअर-तास खात्यातून वजा. संशोधकाने अर्जात प्रश्न कोणता, प्रारूप कोणते, किती कोअर-तास व साठवणुकीला किती जागा लागेल हे लिहायचे असते. नुसते ‘खूप लागेल’ म्हणून भागत नाही. आधी छोटी चाचणी चालवून, कोअर दुप्पट केल्यावर वेळ खरोखर किती घटला, त्याचे आकडे जोडावे लागतात. आमच्याकडे कर्जाला आलेला माणूस धंद्याचे हिशेब घेऊन आला की अर्धे काम झालेले असते, तसेच हे. तज्ज्ञांची समिती छाननी करते, मागितल्यापेक्षा कमीही देते. वेळ बहुधा प्रकल्पप्रमुखाच्या नावे मंजूर होतो, विद्यार्थी त्याच्या खात्यावर काम करतो. मुदतीत न वापरलेले तास पुष्कळ ठिकाणी बुडतात.

मंजुरी मिळाली तरी रांग चुकत नाही. रोजचा अंदाज ठरल्या वेळी निघालाच पाहिजे, म्हणून त्याला अग्रक्रम, संशोधन त्यामागे. प्रत्येकाने आपले काम किती तास चालेल हे आधी सांगायचे असते. वेळ संपली की यंत्र काम मध्येच तोडते! म्हणून जाणकार लोक अधूनमधून स्थिती साठवून ठेवतात व तिथून पुढे चालू करतात. लहान काम खरा वेळ सांगून टाकले तर मोठ्या कामांमधल्या फटीत लवकर बसते. टोकन घेऊन बसलेल्यांत एक चेक भरणारा पटकन उरकून जातो, तसे.

अमेरिकेत एनसीएआर या वायुमंडल-संशोधन संस्थेचा ‘डेरेचो’ महासंगणक वायोमिंग राज्यात आहे. तिथे मोठ्या मागण्या समितीपुढे जातात, मात्र पदवीचे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना लहान वाटा साध्या अर्जावर मिळू शकतो. ही पद्धत आम्हांस फार आवडली. आपल्याकडे ‘अर्का’ प्रामुख्याने पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांसाठी आहे. बाहेरच्याने तेथील शास्त्रज्ञाबरोबर संयुक्त प्रकल्प करणे हा रुळलेला मार्ग. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून आयसर पुणे येथे ‘परम ब्रह्म’ व इतर संस्थांतही यंत्रे बसली. त्यामुळे आता अशा संस्थेत प्रवेश मिळवणे हेच पहिले दार झाले आहे. भौतिकशास्त्र वा गणितात एम.एस्सी., मग नेट किंवा गेट, मग संशोधनवृत्ती, अशी ही वाट आहे.

तोवर थांबून राहण्याचे मात्र कारण नाही. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचे प्रारूप विनामूल्य मिळते आणि लहान प्रदेशापुरते ते चांगल्या साध्या संगणकावरही चालते. आयआयटीएमच्या प्रारूपाने जागतिक हवामान-प्रारूपांच्या सहाव्या तुलना-प्रकल्पात भाग घेतला. त्या प्रकल्पातील आकडे कोणालाही उतरवून घेता येतात. त्यांतून घोड व कुकडी खोऱ्यांचा पाऊस वेगळा काढून तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून पाहायला एकही कोअर-तास मागावा लागत नाही.