जुनी डिझेल फोर बाय फोर: ऐकीव किती, खरं किती?

पावसाळा तोंडावर आला की जुन्या थार, स्कॉर्पिओ, सफारीच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘सिंगल ओनर, टायर नवे, फोर बाय फोर’ असा मजकूर आणि सोबत ओढ्यात उभ्या गाडीचा फोटो. घेणारा भुलतो तो त्या ओढ्याला. खरं तर सावध व्हायचं तेही त्या ओढ्यामुळेच.

पण आधी सगळ्यात साधी गोष्ट. गाडी उंच आणि दांडगी दिसली म्हणजे ती फोर बाय फोर असतेच असं नाही. डिझेल हॅरियर आणि २०२१ साली आलेली नवी सफारी यांची फक्त पुढची चाकं इंजिनाला जोडलेली असतात. जुन्या सफारीत आणि स्कॉर्पिओत दोन्ही प्रकार मिळत. थारचंही तेच. जानेवारी २०२३मध्ये दीड लिटर डिझेल इंजिनाची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आली आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक पटकन कळत नाही. मागे चिकटवलेलं ‘४x४’ तर ॲक्सेसरीजच्या कुठल्याही दुकानात मिळतं. थारमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी टू-एच (दोन चाकं), फोर-एच (चार चाकं), फोर-एल (चार चाकं, कमी वेग आणि जास्त जोर) लिहिलेली दुसरी दांडी आहे का ते पाहा. काही गाड्यांत दांडीऐवजी गोल बटण असतं.

दांडी असली तरी ती चालते का, हा पुढचा प्रश्न. ‘साहेब, फोर बाय फोर कधी लावलीच नाही, नव्यासारखी आहे’ हे विकणाऱ्याचं आवडतं वाक्य. न वापरलेली यंत्रणा नवी राहत नाही, ती जाम होते. पुढची चाकं जोडणारा भाग वर्षानुवर्षं हलला नाही की ऐनवेळी अडतो. चाचणी सोपी आहे, फक्त ती डांबरावर करू नका. मैदानात किंवा कच्च्या रस्त्यावर गाडी थांबवून फोर-एल लावा, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि अगदी सावकाश पुढे न्या. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती चारही चाकं जोडणारी यंत्रणा असेल तर गाडी वळताना अडखळते, स्टिअरिंग जड होतं. हे योग्यच आहे. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला पण गाडी नेहमीसारखीच अलगद वळली, तर पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचत नाही असं समजून चौकशी करा. नंतर टू-एचवर परत येताना दांडी किती सहज येते तेही बघा.

आता याच्या अगदी उलट सांगणारा विकणारा. ‘पावसाळ्यात ताम्हिणी घाटात मी कायम फोर बाय फोरमध्येच चालवतो’ असं तो अभिमानाने सांगतो. हे ऐकून कान टवकारले पाहिजेत. पार्ट-टाइम यंत्रणेत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि डांबरावर पकड चांगली असल्याने हा फरक घसरून भरून निघत नाही. सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. बारा महिने चारही चाकं चालवता येतात ती फुल-टाइम यंत्रणेत. २००९ साली भारतात आलेली पहिली फॉर्च्युनर तशी होती. आणि घाटात जीव वाचवतात ते ब्रेक आणि टायर. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, त्यामुळे फोर बाय फोर निसरड्या उतारावर लवकर थांबते हा निव्वळ भ्रम आहे. टायर ‘नवे’ आहेत का हे मात्र तपासता येतं. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात; ‘३२२१’ असेल तर तो टायर २०२१च्या बत्तिसाव्या आठवड्यातला.

आता तो ओढा. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून गाडी पाण्यातून खुशाल घालावी, असं सर्रास म्हटलं जातं. पहिला भाग खरा, निष्कर्ष चुकीचा. इंजिनाला हवा लागतेच. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २०२०च्या थारला कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम गुडघ्याच्या वर. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळूणमध्ये कितीतरी गाड्या पुरात बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून बाजारात आली तर कशी ओळखायची? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या तळाशी मातकट रेघ राहून जाते. सीटखालचे रूळ आणि फ्यूजचा डबाही बघा. समुद्रकिनारी हौसेने पळवलेल्या गाडीची चासी खालून गंजलेली असते. वरचा रंग कितीही चकचकीत असो.

डिझेल म्हणजे अ‍ॅव्हरेज, हेही अर्धसत्य. १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जळायला गाडी हायवेवर सलग तापून चालावी लागते. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर धावलेल्या गाडीत तो तुंबतो आणि त्याच्या मोठ्या खर्चात अ‍ॅव्हरेजची बचत निघून जाते. म्हणून ‘कमी चाललेली’ शहरातली डिझेल गाडी नेहमीच चांगली नसते. मला तर सर्व्हिसच्या नोंदी नीट असलेली, हायवेवर लाखभर किलोमीटर धावलेली गाडी जास्त विश्वासाची वाटते.

‘डिझेल गाडी दहा वर्षांनी बाद’ हा नियम महाराष्ट्राचा नाही. तो दिल्ली परिसराचा. हरित लवादाने तो लावला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये कायम केला आणि पुढेही तिथले आदेश बदलत आले. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्त दिसतात त्या तिथल्या दहा वर्षांच्या नियमामुळेच. पण त्या आणताना तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग आलंच. हे धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीच उतरते.

कागदांत एकच गोष्ट बहुतेक जण विसरतात. आरसी नावावर झाली म्हणजे विमाही आपोआप नावावर झाला असं नाही. खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

गावच्या घरापर्यंतचा लाल मातीचा चढ किंवा शेताची वाट दर पावसाळ्यात तुडवायची असेल, तर जुनी डिझेल फोर बाय फोर जरूर घ्या आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. वर्षातून एकदा लोणावळ्याला जायचं असेल, तर चांगल्या टायरची साधी गाडी बरी. आणि टोकन देण्याआधी गाडी तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर ती गाडी सोडून द्या.