गाडी लागते ती कोणास व कां

आपल्या भाषेंत भूक लागते, झोंप लागते, ठेंच लागते, दृष्ट लागते, आणि गाडीही लागते. ह्या शेवटच्या लागण्यापायीं घरोघर जितका त्रास सोसला जातो, तितका त्याविषयीं विचार मात्र झालेला दिसत नाहीं. लग्नाकार्यासाठीं दहाबारा माणसें मोटारींतून निघालीं कीं त्यांपैकीं दोघांतिघांच्या तोंडास थोडक्याच वेळांत पाणी सुटूं लागतें, कपाळीं घाम येतो, चेहरा पांढरा पडतो, आणि मग जें व्हावयाचें तें होतें. बरोबरच्यांपैकीं कोणी कींव करतो, कोणी नाक धरतो, आणि कोणी ‘हिचें हें नेहमींचेंच’ म्हणून मोकळा होतो. ह्या ‘नेहमींच्या’मागें बरेंच कांहीं दडलेलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा झरी जामणी तालुका घेतों. दक्षिणेस पैनगंगा व तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. मोठें इस्पितळ, वरचें शिक्षण, लग्नाची खरेदी, कशासाठींही निघावयाचें म्हणजे आधीं पांढरकवडा किंवा वणी गांठावी लागते. मुकुटबनास आगगाडीचें स्थानक आहे खरें, परंतु रोजचें जाणेंयेणें मुख्यतः सडकेनेंच. पांढरकवड्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ मिळाला कीं वडकी, हिंगणघाट, जांब ह्या वाटेनें नागपूरपर्यंत गाडी बरीचशी सरळ धांवते. परीक्षा होते ती त्यापूर्वीं, आंतल्या सडकांवर. तेथें वळण येतें, गतिरोधक येतो, पुढें कोळशाचा किंवा चुनखडीचा ट्रक आडवा येतो; गाडी दबकते आणि पुन्हां उसळी घेते.

आपल्याकडे ह्या त्रासाचें खापर पित्तावर, कमजोर पोटावर किंवा स्वभावाच्या नाजूकपणावर फोडण्याची रीत आहे. वस्तुतः पोट येथें केवळ शिक्षा भोगतें. भांडण कानाचें व डोळ्यांचें असतें. कानाच्या आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. डोकें वळलें कीं तो द्रव हालतो व वळल्याची वर्दी मेंदूस पोंचते; वेग वाढला किंवा मंदावला, तर ती वर्दी शेजारचीं दुसरीं इंद्रियें देतात. ह्या यंत्रणेच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट बारानी ह्यांस इ. स. १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां पुढच्या आसनाच्या पाठीकडे तोंड करून बसलेल्या मुलीचें काय होतें पाहा. कान सांगतात, ‘आपण वळत आहोंत’; डोळे सांगतात, ‘समोर सर्व स्थिर आहे’. परस्परविरोधी साक्षी ऐकून मेंदू गोंधळतो, आणि त्या गोंधळाची परिणति ओकारींत होते. रीझन व ब्रँड ह्यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत ही उपपत्ति सविस्तर मांडली, व आज बहुतेक शास्त्रज्ञ तीच प्रमाण मानतात. ज्यांच्या कानांतील ही यंत्रणा जन्मतःच निकामी असते अशा कित्येक मूकबधिरांस समुद्र लागत नाहीं, हें विल्यम जेम्स ह्यांनीं १८८२ सालींच नोंदविलें होतें. गाडी हांकणारास ती सहसा लागत नाहीं ह्याचें कारणही उघड आहे : येणारें वळण त्याला आधींच दिसलेलें असतें आणि मान त्याच बाजूस आपोआप कलते. खडखडाटापेक्षां संथ हेलकावा अधिक बाधतो, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

येथें आम्हांस आपल्या एकत्र कुटुंबांतील एका शिष्टाचाराविषयीं थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. गाडी आली कीं चालकाशेजारची जागा सासरेबुवांची, हें न बोलतां ठरलेलें असतें. मधल्या बांकावर पुरुषमंडळी व सासूबाई बसतात. सूनबाई, जाऊबाई आणि पोरेंबाळें मागें जातात. काळी-पिवळी असेल तर मागचीं आसनें समोरासमोर. गुडघ्यास गुडघा लागलेला, रस्ता कोणासच दिसत नाहीं, आणि डिझेलचा वास सर्वांत अधिक तेथेंच. आतां शास्त्र काय सांगतें तें ऐकावें. दोन वर्षांखालील बालकांस गाडी क्वचितच लागते. पुढें हा त्रास वाढत जाऊन नवव्यादहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांस तो अधिक होतो, आणि ज्यांस अर्धशिशी आहे किंवा दिवस गेलेले आहेत त्यांस विशेष. पन्नाशीनंतर तो बहुधा ओसरतो. म्हणजे ज्यांस पुढच्या जागेची गरज सर्वांत कमी त्यांस ती आपण आदरानें देतों, आणि ज्यांस गाडी हमखास लागावयाची त्यांस मागें कोंबतों. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील एका पाहणींत बसच्या ३,२५६ उतारूंची विचारपूस केली होती. त्यांपैकीं शेंकडा २८ जणांस कमीअधिक अस्वस्थता वाटली, आणि ज्यांस पुढचा रस्ता दिसत नव्हता त्यांच्यांत त्रासाचें प्रमाण अधिक आढळलें. वडीलधाऱ्यांचा मान राखण्यास इतर प्रसंग पुष्कळ आहेत. सासरेबुवांनीं आपण होऊन ‘सूनबाई, तूं पुढें बैस’ म्हटलें, तर निम्मा प्रश्न तेथेंच मिटतो.

मात्र लहान मुलास पुढें, विशेषतः कोणाच्या मांडीवर, बसवूं नये. अपघातांत त्याचा जीव जाण्याचा धोका असतो. त्यास मधल्या बांकावर पट्टा बांधून, समोरच्या कांचेंतून रस्ता दिसेल असें बसवावें. एसटींत पुढच्या रांगा धराव्या. मागच्या चाकांवरील व शेवटचें आसन टाळावें.

पोर रडूं नये म्हणून त्याच्या हातीं मोबाइल देण्याची आजकाल पद्धत पडली आहे. गाडी लागावी म्हणून मुद्दाम उपाय शोधला असता तरी ह्याहून नामी सांपडला नसता. डोळे हातभर अंतरावर खिळलेले आणि कान वळणावळणानें ओरडत असलेले! त्यापेक्षां गाण्याच्या भेंड्या लावाव्या. डोळे मोकळे राहतात व मनही गुंततें. ‘मळमळतें का ग?’ असें दर मैलास विचारणें हेंही एक दुखणेंच आहे. तें बंद करावें. मान आसनास टेकवून दूरच्या क्षितिजाकडे पाहावें, तें न साधल्यास डोळे मिटून पडावें.

निघण्यापूर्वीं तर्रीपोहे, भजीं व वर दोन कप चहा हा बेत वाईटच. परंतु उपवासाच्या दिवशीं रिकाम्या पोटीं निघणेंही तितकेंच वाईट. मऊ भात, कोरडी पोळी, मुरमुरे, असें थोडें खाऊन निघावें. आलेपाक व सुंठ ह्यांविषयीं आजीबाईंचा अनुभव अगदींच निराधार नाहीं. १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत सुंठीच्या गुणाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. पुढच्या प्रयोगांत मात्र एकमत झालें नाहीं. आवळासुपारी, लिंबू, लवंग ह्यांनीं निदान तोंडाची चव राहते. वर्तमानपत्रावर बसल्यास गाडी लागत नाहीं, ह्या समजुतीस आधार सांपडत नाहीं. तें पत्र बसल्याबसल्या वाचूं नये, एवढेंच आमचें सांगणें.

औषधाची गोष्ट मोठी गंमतीची आहे. १९४७ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथें अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवती स्त्रीस एक नवें औषध दिलें असतां, आपल्याला आतां ट्राम लागत नाहीं, असें तिच्या ध्यानांत आलें. गे व कार्लिनर ह्या डॉक्टरांनीं त्याच वर्षीं तें औषध अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकांवर अजमावलें, तेंच ड्रामामिन. आपल्याकडे अव्होमिन अधिक प्रचारांत आहे. ह्या गोळ्या निघण्यापूर्वीं तासदोन तास घ्यावयाच्या असतात. उमासे सुरू झाल्यावर जठराचें काम मंदावतें, व तेव्हां घेतलेली गोळी बहुधा वांतीबरोबरच बाहेर पडते. त्यांनीं गुंगी येते, म्हणून गाडी हांकणारानें त्या घेऊं नयेत. लहान मुलें, गर्भवती, आणि कांचबिंदू किंवा मूत्रावरोध असलेले वृद्ध ह्यांस डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून त्या देऊं नयेत.

एवढी काळजी घेऊनही ओकारी आलीच, तर खिडकीबाहेर डोकें काढूं देऊं नये; अरुंद सडकेवर समोरून ट्रक येत असतांना हें प्राणावर बेततें. प्रत्येकाजवळ एक पिशवी आधींच असावी. मग गाडी थांबवून सावलींत दहा मिनिटें बसवावें, आणि मीठसाखरेचें पाणी घोटघोट द्यावें. प्रवास संपून दिवस उलटला तरी घेरी येत राहिली, ऐकूं कमी येऊं लागलें किंवा डोकें सारखें दुखत राहिलें, तर तें गाडी लागणें नव्हे, डॉक्टरांस दाखवावें.

आम्हांस विशेष काळजी वाटते ती गर्भवती सुनालेकींची. झरीकडच्या बाजूस अवघड बाळंतपणासाठीं व पुढच्या तपासण्यांसाठीं दूरच्या शहरास जाण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि ‘मला गाडी लागते, पुढच्या महिन्यांत पाहूं’ हें वाक्य घरांत सहज मान्य होतें. तपासणीची तारीख ठरली कीं सकाळच्या थंड वेळची गाडी सांगावी, पुढची जागा तिच्यासाठीं राखून ठेवावी, गोळीविषयीं डॉक्टरांस आदल्या भेटींतच विचारून घ्यावें, आणि चालकास निघतांनाच सांगावें कीं, बाबा, आज वळणावर हळू घे व ब्रेक एकदम दाबूं नको. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल.