बिबट्यासमोर बत्तीस बोअर

शिवाजी पार्कातल्या कितीतरी घरांचा एक पाय आजही गावात असतो. कुणाची दापोलीकडे आंब्याची बाग, कुणाची जुन्नरला वडिलोपार्जित शेती, कुणी निवृत्तीनंतर कर्जतला घर बांधलेलं. कट्ट्यावर एक प्रश्न आता वरचेवर कानावर येतो : बिबट्या अंगणापर्यंत येतोय, तर परवाना काढून रिव्हॉल्वर घ्यावं का? आणि घ्यायचं तर कुठल्या बोअरचं, म्हणजे नळीच्या किती व्यासाचं? या प्रश्नामागची भीती खरी आहे, म्हणून उत्तरही आकड्यांनिशी द्यायला हवं.

मैदानाजवळच्या सावरकर स्मारकात मुलं नेमबाजी शिकतात ती एअर रायफलवर. तिचा छरा ४.५ मिलिमीटरचा. इथून जवळच्याच कीर्ती महाविद्यालयात एनसीसीमुळे अंजली भागवत बंदुकीकडे वळल्या. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवानच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक मिळवलं, ते .२२ बोअरवर. या खेळात नेम हेच सर्वस्व आणि ते योग्यच आहे. पण कागदाचं लक्ष्य अंगावर धावून येत नाही.

अंगावर आलेलं जनावर हातातल्या छोट्या हत्यारानं थोपवायचं, या गरजेतून घडलेल्या एका पिस्तुलाचं नावच आपल्याकडचं आहे : हौदा पिस्तूल. एकोणिसाव्या शतकात साहेब हत्तीवरून वाघाची शिकार करत. जखमी वाघ कधी कधी हत्तीच्या अंगावर चढून थेट हौद्यापर्यंत येई. तिथे लांब रायफल वळवायला जागा आणि वेळ दोन्ही नसत. त्यासाठी आखूड, दुनळी, जाड गोळीची पिस्तुलं निघाली. काही तर .५७७ स्नायडर या त्या काळच्या लष्करी रायफलच्या काडतुसावर चालत. लंडनच्या चार्ल्स लँकेस्टरनं पुढे चार नळ्यांचीही बनवली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या पिस्तुलानं शिकारीला कुणी निघत नसे. हाताच्या अंतरावर, दुसरं काहीच उरलं नाही तर, एवढाच त्याचा उपयोग होता. शिकारीचं खरं काम रायफलच करी.

आता आजचे आकडे पाहू. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाच्या हाती पडतं ते बहुधा .३२ बोअर. ९ मिलिमीटरचं पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये बाजारात आणलेलं 'निर्भीक' हे जेमतेम अर्धा किलोचं रिव्हॉल्वरही .३२चंच, आणि ते स्त्रियांना माणसांपासून स्वतःचं रक्षण करता यावं म्हणून काढलेलं. या गोळीची ऊर्जा ढोबळमानानं १५० ते २०० ज्यूल. अमेरिकेत अस्वलांच्या मुलखात लोक कमरेला लावतात त्या .४४ मॅग्नमची (१९५५) १,२००च्या वर. बारा बोअरच्या लांब बंदुकीतून सुटणाऱ्या एकसंध गोळीची ३,०००च्या आसपास. मोठ्या जनावरांसाठी १९१२ पासून नावाजलेल्या .३७५ रायफलची साडेपाच हजारांहून अधिक.

पण नुसत्या ऊर्जेवर जनावर थांबत नाही. मेंदूला किंवा मणक्याला गोळी लागली तरच ते जागच्या जागी कोसळतं. हृदयाला लागली तरी काही सेकंद धावण्याइतका प्राणवायू मेंदूत शिल्लक असतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातलं अस्वल घ्या. दाट केस, जाड कातडी, खाली भक्कम हाडं. तिथे आत खोल शिरणारी, न पसरणारी कठीण गोळी लागते. माणसासाठी बनवलेली हलकी गोळी वरच्यावर अडकते, जनावर जखमी होतं आणि अधिक चवताळतं. गवा तर आणखी मोठा, थोराड नर हजार किलोच्या घरात जाणारा. त्याच्यापुढे .३२ घेऊन उभं राहणं हा जिवाशी खेळ आहे.

वेळेचा हिशेब याहून कठोर आहे. ताशी ५० किलोमीटरनं येणारं जनावर १५ मीटर अंतर साधारण एका सेकंदात कापतं. तेवढ्यात रिव्हॉल्वर बाहेर काढायचं, रोखायचं आणि हलत्या डोक्यावर नेम धरायचा, तोही अंधारात. भारी बोअर घेतलं तर धक्का इतका बसतो की दुसरी गोळी उशिरा सुटते. हलकं घेतलं तर पहिलीच पुरत नाही. बोअर निवडण्यातली खरी अडचण हीच आहे, आणि कुठल्याही कॅटलॉगात तिच्यावर उपाय नाही.

अलास्कात टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह १८८३ ते २००९ मधल्या, बंदूक जवळ असलेल्या माणसांच्या अस्वलांशी झालेल्या २६९ चकमकी तपासल्या. हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. पिस्तूल-रिव्हॉल्वर ८४ टक्के प्रसंगांत उपयोगी पडलं, लांब बंदूक ७६ टक्के. एवढंच वाचून कुणी दुकान गाठू नये. त्याच अभ्यासाचा निष्कर्ष असा, की बंदूक चालवणाऱ्यांच्या आणि न चालवणाऱ्यांच्या दुखापतींत लक्षणीय फरक आढळला नाही. याच दोघांनी २००८ मध्ये मिरचीच्या फवाऱ्याचा अभ्यास मांडला होता. त्यात तपकिरी अस्वलांना ९२ टक्के प्रसंगांत फवाऱ्यानं रोखलं होतं.

आपल्या कायद्याचा कल मात्र लांब बंदुकीकडे आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच लांब, गुळगुळीत नळीची बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेनं जनावर मारणं गुन्हा नाही, पण मेलेलं जनावर सरकारचं होतं आणि चौकशीला तोंड द्यावंच लागतं.

आता बंदुकीशिवाय भागतं का, तेही पाहू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नि परिसरात २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप गणनेत ३५ बिबटे दिसले. त्यांच्याशेजारी वाघोबाला पूजणारे वारली पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि हाताशी पिस्तूल नसताना राहतात. जुन्नरमध्ये वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी दाखवून दिलं, की पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. म्हणजे आपण केलेल्या उपायानंही धोका वाढू शकतो. जखमी करून सोडलेल्या बिबट्याच्या बाबतीत मला हीच धास्ती सर्वांत मोठी वाटते.

म्हणून दापोलीच्या किंवा जुन्नरच्या घरासाठी पैसे काढून ठेवले असतील, तर ते आधी गोठ्याच्या भक्कम दारावर आणि जाळीवर, अंगणातल्या दिव्यावर, घरातल्या शौचालयावर खर्च करावेत. कोंबड्या-कुत्र्यांसाठीचं उष्टं-खरकटं उघड्यावर ठेवू नये. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटं सोडू नये, उसाच्या कडेला एकट्यानं वाकून काम करू नये. बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळू नये, आवाज करत सावकाश मागे सरावं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. एवढं करूनही कुणाला बंदूक हवीच असेल, तर बारा बोअरची लांब बंदूक घ्यावी, आणि ती चालवायचा सराव रेंजवर नियमित करावा.