बदल सोपा, निवड अवघड

प्रयोगशाळेत ‘उत्क्रांत’ केलेलं औषध म्हटलं की पहिली शंका हमखास येते : ते अंगात गेल्यावरही बदलत राहत असेल का? नाही. उत्क्रांती होते ती परीक्षानळीतल्या जनुकाची. त्याच्या लाखो आवृत्त्या करायच्या, प्रत्येकीपासून प्रथिन बनवून घ्यायचं, त्यातलं कामाचं निवडायचं आणि निवडलेल्याच्या जनुकात पुन्हा बदल करायचे. हवं तसं प्रथिन हाती आलं की हे चक्र कायमचं थांबतं. पुढे कारखान्यात तेच एक ठरलेलं प्रथिन बनतं. आमवातावर दिलं जाणारं ॲडॅलिम्युमॅब हॅमस्टरच्या पेशींकडून बनवून घेतात, पण इंजेक्शनमध्ये येतं ते शुद्ध केलेलं प्रथिन, पेशी नव्हे. प्रथिनाला स्वतःची नक्कल काढता येत नाही, त्यामुळे अंगात गेल्यावर ते उत्क्रांत होण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरा समज जरा शिकल्यासवरलेल्यांचा : बदल आंधळेपणाने करतात, म्हणजे सगळा नशिबाचा खेळ. यात अर्धंच खरं आहे. शंभर अमिनो आम्लांच्या प्रथिनाच्या शक्य रचना मोजायच्या तर एकावर एकशेतीस शून्यं द्यावी लागतात. नुसत्या नशिबावर इथे काहीच सापडणार नाही. म्हणून आधीच थोडंफार काम करणारं प्रथिन घेतात आणि त्याच्याच आसपास शोधतात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फ्रान्सिस अरनॉल्ड यांनी सबटिलिसिन हे एन्झाइम घेतलं. पाण्यात ते छान चालतं, डीएमएफ या सेंद्रिय द्रावकात मात्र लंगडं पडतं. त्या द्रावकात दुधातलं केसीन कोण जास्त तोडतं, एवढीच कसोटी त्यांनी लावली. तिसऱ्या पिढीत मूळच्या 256 पट काम करणारं एन्झाइम मिळालं, त्यात दहा बदल होते. हे 1993 सालचं काम. ते दहा बदल आधी कागदावर मांडणं कुणालाही जमलं नसतं.

औषधी अँटिबॉडींसाठी ही कसोटी कशी लावतात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. जॉर्ज स्मिथ यांनी 1985 मध्ये जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या, म्हणजे फाजच्या, अंगावर परकं प्रथिन मिरवून दाखवलं. गंमत अशी की प्रथिन बाहेर दिसतं आणि त्याचं जनुक त्याच फाजच्या पोटात असतं. ग्रेगरी विंटर आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये हीच युक्ती अँटिबॉडींना लावली. ज्या रेणूला पकडायचं तो प्लास्टिकच्या तळाला चिकटवून ठेवतात. वर अब्जावधी फाजचं द्रावण ओततात, प्रत्येकावर वेगळी अँटिबॉडी. मग साबणासारखं द्रव्य घातलेल्या पाण्याने धुतात, पुन्हा धुतात. सैल धरलेले वाहून जातात. जे उरतात त्यांना आम्लाने सोडवून जिवाणूंमध्ये वाढवतात आणि पुढच्या फेरीत धुणं आणखी कडक करतात. तीन-चार फेऱ्यांत गर्दीतून मोजकेच उरतात. ॲडॅलिम्युमॅब याच वाटेने आलं. सुरुवात उंदराच्या अँटिबॉडीपासून झाली आणि तिच्या दोन साखळ्या एकेक करून मानवी साखळ्यांनी बदलल्या. अमेरिकेत 2002 च्या अखेरीस मान्यता मिळाली. जगातलं त्याचं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती, 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने भारतात आणलं.

धुऊन निवडण्याच्या या पद्धतीतूनच पुढचा गैरसमज निघतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा : पकड जितकी घट्ट तितकं प्रथिन चांगलं. यीस्टच्या पेशींवर प्रथिनं मांडून निवडण्याच्या पद्धतीने 2000 साली फ्लुओरेसिन या रंगद्रव्याला धरणारा अँटिबॉडीचा एक तुकडा मिळाला. त्याची निम्मी पकड सुटायला पाच दिवसांहून जास्त लागत. निदान चाचणीत हे सोनं आहे, कारण तिथेही धुणं असतंच आणि धुताना पकड सुटली की सिग्नल गेला. पण कर्करोगाच्या गाठीवर तीच चिवट पकड नडते. अँटिबॉडी गाठीच्या कडेलाच भेटलेल्या पेशींना चिकटून बसते, आत पोहोचतच नाही. ज्या गोष्टीची परीक्षा घ्याल तीच सुधारते. जिची घेतली नाही ती बिघडली तरी प्रयोगात कळत नाही. या विद्येत खरं कसब लागतं ते परीक्षा ठरवताना.

‘आहे तेच सुधारता येतं, नवं काही नाही’ हेही खरं नाही. डीएनएमधल्या ॲडेनाइनचा अमिनो गट काढून टाकणारं एन्झाइम निसर्गात माहीत नव्हतं. डेव्हिड लिऊ यांच्या गटाने आरएनएवर काम करणाऱ्या टॅडए या जिवाणूच्या एन्झाइमला उत्क्रांत करून ते 2017 मध्ये घडवलं. आज जनुकातलं एकच अक्षर दुरुस्त करणाऱ्या उपचारांमध्ये त्याच्या पुढच्या पिढ्या वापरल्या जातात.

आणि एआय आल्यावर हे सगळं मोडीत निघालं का? संगणकावर प्रथिनं रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना 2024 चं नोबेल मिळालं खरं, पण संगणकाने सुचवलेली प्रथिनंही बहुधा यीस्टवर मांडून पारखावी लागतात.

शेवटचा मुद्दा रुग्णांच्या कामाचा. ‘पूर्ण मानवी अँटिबॉडी’ असं वाचून लोकांना वाटतं की शरीर तिला परकी समजणारच नाही आणि नेमकी पकड म्हणजे दुष्परिणाम नाहीत. दोन्ही खरं नाही. ॲडॅलिम्युमॅबविरुद्धही काही रुग्णांच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि इंजेक्शनचा गुण उतरतो. शिवाय ते टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या ज्या प्रथिनाला नेमकं पकडतं, तेच टीएनएफ शरीरात दबून बसलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायला मदत करतं. आपल्याकडे असा सुप्त क्षय काही दुर्मिळ नाही. तेव्हा हे इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी क्षयाची तपासणी सांगितली तर ती टाळू नका, आणि सांगितली नसेल तर आपण होऊन विचारा.