चोवीस चौकटींचा रंगतक्ता

व्यक्तिचित्रणात त्वचेचा रंग मूळ माणसाच्या रंगाशी जुळतो की नाही हे तपासण्यासाठी छायाचित्रकार आणि छपाईतज्ज्ञ ज्या साधनाचा आधार घेतात, तो कलरचेकर नावाचा तक्ता १९७६ साली मॅकॅमी, मार्कस आणि डेव्हिडसन यांनी एका शोधनिबंधातून मांडला आणि मॅकबेथ या अमेरिकी कंपनीच्या नावाने तो रूढ झाला. पुठ्ठ्यावर चार ओळींत बसवलेल्या, चकाकी नसलेल्या रंगाच्या चोवीस चौकटी एवढाच त्याचा ऐवज असून, त्यांतील पहिल्या दोन चौकटी अनुक्रमे गडद आणि उजळ त्वचेच्या आहेत.

या दोन चौकटींचे महत्त्व आधीची पद्धत पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. १९५४ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यामुळे रंगीत फिल्मच्या किमतीतच धुलाईचा खर्च धरण्याची प्रथा कोडॅकला सोडावी लागली. त्यातून उभ्या राहिलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळांना छपाईयंत्रे लावून घेण्यासाठी जी नमुना-चित्रे पुरवली जात, ती पहिल्या मॉडेलच्या नावावरून ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कार्डावरची गोरी स्त्री नीट छापली गेली की यंत्र ठीक लागले असे मानले जाई, आणि त्याच मापाने छापलेल्या सावळ्या वा काळ्या चेहऱ्यांचे बारकावे मात्र काळोखात बुडत. एका चेहऱ्याला प्रमाण मानण्याचा हा प्रकार तांत्रिक सोयीपेक्षा बाजाराच्या अंदाजातून अधिक आला होता, असे म्हणणे भाग आहे. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारी कार्डे कोडॅकने काढली ती थेट १९९० च्या दशकात.

कलरचेकरने चेहऱ्याऐवजी मोजता येणारा रंग प्रमाण मानला. त्याच्या त्वचेच्या चौकटी केवळ डोळ्यांना तशा दिसतील एवढ्यावर भागवलेले नाही, तर प्रकाशाच्या निरनिराळ्या तरंगलांबी त्या खऱ्या त्वचेच्या जवळपास जाणाऱ्या प्रमाणात परावर्तित करतील असा प्रयत्न केलेला आहे. कारण दोन पृष्ठभाग उन्हात सारखे दिसूनही ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात, ज्याला मेटामेरिझम म्हणतात. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांच्या प्रकाशशोषणातून घडतो. म्हणूनच गडद लाल घटक तुटपुंजा असलेल्या एलईडी दिव्याखाली चेहरा निस्तेज दिसतो, आणि जे दिव्यातच नाही ते नंतर संगणकावर पुरते भरून काढता येत नाही.

महाराष्ट्रातील हळदीच्या समारंभात या तक्त्याचा गुण आणि मर्यादा दोन्ही एकाच वेळी दिसतात. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवातून गाळून आलेले ऊन माणसांवर आणि भांड्यांवर सारखीच झाक चढवते, आणि कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा एवढा पिवळेपणा पाहून तो सरसकट कमी करू लागते, परिणामी नवरीच्या गालावरची हळदही फिकी पडते. त्याच उजेडात तक्ता धरून एक चित्र घेतले आणि खालच्या ओळीतील पांढऱ्यालगतची फिकी राखाडी चौकट प्रमाण धरली, तर मांडवाची झाक निघून जाते व हळद तशीच राहते, कारण हळद हा त्वचेवरचा रंग आहे, उजेडाचा नव्हे. पूर्ण पांढरी चौकट इथे टाळावी, कारण प्रकाश किंचित जास्त झाला तरी तिची नोंद माथ्याला भिडून निरुपयोगी होते.

मात्र हिरव्या साडीवरून उसळलेला प्रकाश हनुवटीखाली हिरवट छटा टाकतो आणि कपाळावर टाकत नाही, त्यामुळे तक्ता कपाळाशी धरला तर एक माप मिळते व गळ्याशी धरला तर दुसरे. अशा वेळी संपूर्ण चित्राला कपाळाशी घेतलेले माप लावून हनुवटीखालचा भाग तेवढा वेगळा, हाताने दुरुस्त करणे इष्ट ठरते.